स्कूटर सकाळी किती वेळ गरम करायची?

प्रश्न असा आहे: ठाण्यात कासारवडवलीतल्या एका टॉवरच्या पोडियम पार्किंगमध्ये 110 सीसीची स्कूटर उभी असते. सकाळी सव्वासातला निघायचं, रॅम्प उतरला की लगेच घोडबंदर रोड. वडील म्हणतात, पाच मिनिटं गाडी चालू ठेव, मग निघ. सर्व्हिसिंगवाला म्हणतो, इंजेक्शनची गाडी आहे, बटण दाबा आणि सुटा. ऐकायचं कोणाचं?

पार्किंगमध्ये 20 ते 30 सेकंद पुरतात. उरलेलं गरम करणं रस्त्यावर, पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्ये, ॲक्सिलरेटरची मूठ हलकी ठेवून करायचं. म्हणजे वडिलांचं थांबणं चुकीचं नाही, पण वेळ दसपट जास्त आहे. आणि सर्व्हिसिंगवाल्याचं ‘सुटा’ हे घोडबंदर रोडला लागताच साठचा वेग गाठण्यासाठी असेल, तर तेही ऐकू नका.

आता कारणं. ती कळली की सेकंद मोजत बसावं लागत नाही.

‘इंजिन गरम होणं’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच वेळी होत नाहीत. पहिली म्हणजे धातूंचं फुगणं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची स्लीव्ह, म्हणजे आतलं अस्तर, बहुतेक गाड्यांत बिडाची. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सध्याच्या ॲक्टिव्हा 110 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 47 मिमी आहे. पिस्टन 100 अंशांनी तापला की त्याचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटरने वाढतो, स्लीव्हचा त्याच्या निम्म्यानेच. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर थेट ज्वाला असते, त्यामुळे तो आधी तापतो आणि सिलिंडर मागून. गार इंजिनाला एकदम पूर्ण मूठ दिली तर आतला भाग फुगलेला आणि बाहेरचा अजून आक्रसलेला, अशी अवस्था काही क्षण येते. फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये यामुळे पिस्टन जाम होणं दुर्मीळ आहे, पण पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भागावर, उभे ओरखडे पडायला एवढं पुरतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र गाडी याच कारणाने जाम व्हायची. तिथे ऑइल पेट्रोलमधूनच येतं आणि पंपाने उडवलेल्या ऑइलचा आधार सिलिंडरला नसतो. ‘पाच मिनिटं तापव’ ही शिकवण बरीचशी त्या टू-स्ट्रोक चेतकच्या काळातली आहे. आताची चेतक बॅटरीवर चालते, तिला तापवायचा प्रश्नच उरला नाही. शिकवण तेवढी घरात राहिली.

दुसरी गोष्ट ऑइल. स्कूटरमध्ये साधारण 10डब्ल्यू-30 वापरतात. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा, आणि 10डब्ल्यू या दर्जाची चाचणी उणे 25 अंशांना इंजिन फिरतं का आणि उणे 30 ला ऑइल पंपातून जातं का, अशी असते. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा सोळा-अठरापर्यंत उतरतो, येऊरच्या पायथ्याला थोडा आणखी. या तापमानाला ऑइल वर चढत नाही म्हणून थांबा, हे इथे लागू होत नाही. पंप क्रँकबरोबरच फिरतो. दोन-तीन सेकंदांत ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोकापर्यंत, पोहोचतं. तरीही 20 अंशांचं ऑइल 100 अंशांच्या ऑइलपेक्षा पंधराएक पट जाड असतं, त्यामुळे गार इंजिन जड फिरतं आणि पेट्रोल जास्त पितं. ते घट्ट ऑइल पातळ व्हायला गाडी चालवून दहा-पंधरा मिनिटं लागतात. उभ्या गाडीवर त्याहून कितीतरी जास्त, कारण आयडलला, म्हणजे मूठ न देता नुसतं चालू असताना, इंजिन उष्णताच फार कमी निर्माण करतं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची वाफ होणं, आणि रोजच्या अनुभवात हीच सगळ्यात जास्त जाणवते. द्रव पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. गार इनटेकमध्ये फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग भिंतीला चिकटून राहतो, म्हणून गार इंजिनाला प्रमाणाबाहेर जास्त पेट्रोल द्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते काम चोक करतो, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; इथेनॉलची वाफ करायला तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते. पहिल्या मिनिटात गाडी किंचित अडखळते, आधी असं होत नव्हतं, अशी तक्रार ऐकू येते तिचं एक कारण हे आहे. मुंबईच्या हवेत त्यामुळे गाडी सुरूच होऊ नये एवढं मात्र ते मोठं नाही. सुरू होत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा, त्याबद्दल पुढे.

मग पाच मिनिटं उभी ठेवली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. इंजिन गार असेपर्यंत पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, असतं. आयडलवर ते हळूहळू तापतं, म्हणजे जाड मिश्रणाचा काळ तुम्ही स्वतःच लांबवता. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. प्लगवर काजळी बसते. हवेवर थंड होणाऱ्या स्कूटरला थर्मोस्टॅट नसतो. क्रँकवरचा पंखा गाडी सुरू झाल्या क्षणापासून हेडवर वारा मारतो, इंजिन गार असलं तरी. एकीकडे तापवायला उभे राहायचं आणि दुसरीकडे पंखा लावायचा, असा तो प्रकार आहे. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंशांपर्यंत पोहोचल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून गार गाडीचा धूर हा त्या गाडीचा सगळ्यात घाणेरडा धूर. तो पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जातो, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी आधीच सांगितलं असेल.

बंद जागेचा मुद्दा वेगळा आणि गंभीर. तळघरातलं पार्किंग, शटर अर्धं ओढलेला गाळा, बैठ्या घराचा बंद पॅसेज: इथे गाडी चालू ठेवून थांबायचंच नाही, 30 सेकंदही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गार इंजिनाच्या जाड मिश्रणातून तो सगळ्यात जास्त निघतो. गाडी ढकलत उघड्यावर आणा, मग सुरू करा; रॅम्पमुळे ढकलता येत नसेल तर सुरू करताच बाहेर पडा.

बॅटरी चार्ज व्हावी म्हणून रोज पाच मिनिटं चालू ठेवणारेही आहेत. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन सुरू असताना बंद करता येत नाही. आयडलवर जेवढी वीज तयार होते त्यातली बरीच दिवा, पंप आणि इग्निशनच खातात. वर सेल्फ मारताना बॅटरीतून काढलेलं असतं ते वेगळंच. अशा पाच मिनिटांनी बॅटरी भरत नाही. ती भरायला रस्त्यावरची वीस मिनिटं हवीत.

आता करायचं काय ते सविस्तर. इंजेक्शनची गाडी, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची जवळपास प्रत्येक पेट्रोल स्कूटर: गाडी मेन स्टँडवर असेल तर मागचं चाक मोकळं फिरू शकतं हे आधी लक्षात ठेवा. चावी ऑन केली की सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. दोन-तीन सेकंदांत ती थांबते आणि इंजिनाचा पिवळा दिवा चाचणी करून विझतो. तेवढं थांबा. घाईत चावी फिरवताच बटण दाबणाऱ्यांच्या गाड्या एका दमात का सुरू होत नाहीत, त्याचं उत्तर बरेचदा या दोन सेकंदांत असतं. मग ब्रेक दाबून, मुठीला अजिबात हात न लावता सेल्फ. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दहा सेकंद बॅटरीला दम घेऊ द्या. सुरू होताना मूठ पिळली की ईसीयूचा हवेचा हिशेब चुकतो. पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला झाला असेल तर उलट करायचं: मूठ पूर्ण उघडी धरून पाच सेकंद सेल्फ मारा, मग मूठ सोडून नेहमीसारखं. होंडाच्या पुस्तिकेत हाच उपाय दिलेला आहे.

गाडी सुरू झाली की आयडल थोडा वर राहतो आणि हळूहळू खाली येतो. गरम गाडीचा आयडल बहुतेक 110 सीसी स्कूटरमध्ये 1600 ते 1800 आरपीएमच्या आसपास असतो. हेल्मेट घालून पट्टा लावा, आरसे बघा, पावसाळ्यात रेनकोटची चेन ओढा. एवढ्यात 30 सेकंद होतात. वेगळं थांबायला नको. या वेळात मूठ पिळून रेस देत बसू नका. गार इंजिनाला रिकामी रेस देणं हे गार इंजिन पळवण्याइतकंच वाईट आहे, आणि त्यातून पोहोचत तर कुठेच नाही.

मेन स्टँडवरून गाडी उतरवताना मागचा ब्रेक धरा. स्कूटरचा क्लच हातात नसतो. साधारण 2500 ते 3000 आरपीएमला तो आपोआप धरू लागतो. चोकमुळे आयडल चढलेला असेल तर मागचं चाक आधीच फिरत असतं, आणि टायर जमिनीला टेकताच गाडी पुढे उडी घेते. समोर भिंत किंवा शेजाऱ्याची गाडी असते. पोडियममधले अर्धे तुटलेले मडगार्ड असेच तुटतात, हा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर थोडा फरक. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि ओल्या पावसाळी सकाळी चोक पूर्ण ओढा, सुरू करा, 20-30 सेकंदांनी अर्धा करा आणि निघाल्यावर पहिल्या दोन-तीनशे मीटरच्या आत पूर्ण बंद. मे महिन्यात चोकची गरजच पडू नये. पडत असेल तर स्लो जेटमध्ये कचरा आहे किंवा एअर स्क्रू हलला आहे. चोक बंद करायला विसरणं हा या गाड्यांचा नेहमीचा रोग: ॲव्हरेज पडतं, प्लग कोळशासारखा काळा होतो, आणि सिग्नलला गाडी भकभकत बंद पडते. ऑटो चोक असलेल्या गाडीत हे काम विजेवर तापणारा छोटा भाग करतो आणि काही मिनिटांत आपोआप चोक बंद होतो. गाडी पूर्ण गरम होऊनही आयडल खाली येत नसेल तर तो भाग अडकलाय, किंवा इनटेकच्या रबरातून हवा शिरतेय. ‘स्लो कमी करून द्या’ म्हणून स्क्रू फिरवून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच राहणार नाही.

पहिले दोन किलोमीटर. मूठ एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही, वेग 30 ते 40. तुमच्या बाबतीत अडचण अशी की घोडबंदर रोडवर 35 ने जाणाऱ्या स्कूटरमागे डंपर येतो. म्हणून शक्य असेल तर सर्व्हिस रोडने निघा आणि किलोमीटरभराने मुख्य रस्त्याला लागा. सर्व्हिस रोड खोदलेला असेल, आणि तो कुठे ना कुठे खोदलेला असतोच, तर पार्किंगमधले 30 सेकंद 60 करा आणि डाव्या कडेने अलगद वेग वाढवा. इंजिनासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. मागून ट्रक येत असेल तर मूठ द्या, एका दिवसाने पिस्टन घासत नाही.

ज्यांची गाडी तळघरात असते त्यांना सुरू करताच रॅम्प चढायचा असतो, आणि गार इंजिनावर पडणारा हा सगळ्यात वाईट भार आहे: वेग कमी, वजन पूर्ण, क्लच अर्धवट घसरत. बेलापूरच्या पारसिक हिलवर राहणाऱ्यांना सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ असतो, ते नशीबवान. ज्यांना सकाळीच चढ आहे त्यांनी आधी मोकळ्या हवेत एक मिनिट द्यावं. तळघरातून येत असाल तर, जमत असेल, मागे बसणाऱ्याला वर चालत यायला सांगा.

फक्त इंजिन गार नसतं, हेही लक्षात घ्या. बेल्ट, क्लच शू, टायर, मागचं गिअर ऑइल सगळंच रात्रभर उभं असतं, आणि पार्किंगमध्ये चालू ठेवून यातलं काहीही नीट गरम होत नाही. पावसाळ्यात रात्रभरात क्लचच्या बेलवर (बाहेरच्या वाटीवर) आतून गंजाचा पातळ थर धरतो; सकाळी पहिल्यांदा उचलताना गाडी थरथरते, दोन-चार वेळा थांबून-निघाल्यावर ते जातं. नाही गेलं, किंवा कोरड्या दिवसांतही थरथर राहिली, तर शू चकचकीत झाले आहेत. उघडून घासून घ्यावे लागतात. ड्रम ब्रेकचंही तसंच, पहिला ब्रेक एकदम पकडतो. गेटवरच्या स्पीडब्रेकरला मुद्दाम दोन वेळा हलका ब्रेक मारून बघा.

ज्या गाड्यांमध्ये सिग्नलला आपोआप इंजिन बंद होण्याची सोय आहे, त्यात एक फुकटचा थर्मामीटर मिळतो. ही सोय इंजिन पुरेसं तापल्याशिवाय काम करत नाही. नौपाड्यातून निघून तीन हात नाक्याला गाडी बंद झाली नाही, पण पुढच्या एखाद्या सिग्नलला झाली, तर मधल्या अंतरात इंजिन तापलं असं समजा. स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर ती जागा कोणती हे एकदा बघून ठेवा.

आता जे विचारलंच नव्हतं, पण ठाणे-नवी मुंबईच्या स्कूटरचं खरं दुखणं तेच आहे. सकाळी गाडी कमी तापवल्याने इथे फार थोडी इंजिनं खराब होतात. ती कधीच पूर्ण तापत नाहीत, त्याने जास्त होतात. पाचपाखाडीहून ठाणे स्टेशन, वाशी सेक्टर 17 हून वाशी स्टेशन, घणसोलीत घर ते स्टेशन: दीड-दोन किलोमीटर जायचं, पे अँड पार्कला दहा तास उभी, संध्याकाळी तेवढंच परत. इंजिन तापायला लागतं तोवर बंद.

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं ते पाणी. गरम इंजिनातून ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. गार इंजिनात त्याचा काही भाग रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये आणि काही सायलेन्सरच्या पोटात थिजतो. ऑइल 100 अंशांच्या जवळ गेलं आणि तिथे थोडा वेळ राहिलं तरच ते पाणी आणि खाली उतरलेलं पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते कधीच होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अशा गाडीची ऑइलची कॅप उघडली तर आतून पिवळट-पांढरी साय दिसते. लोक घाबरतात, गॅरेजवाला ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात कूलंटच नसतं, त्यामुळे गॅस्केट फुटून कूलंट मिसळण्याचा प्रश्न येत नाही. गाडी पाण्यात बुडाली नसेल तर ही साय म्हणजे थिजलेली वाफ. कॅपपुरतीच असेल तर वीस-पंचवीस मिनिटं नीट गाडी चालवा, कॅप पुसा, आठवड्याने पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल तर चालवू नका, ऑइल बदला.

उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा गाडी एका दमात बारा-पंधरा किलोमीटर, 45-50 च्या वेगाने, थांबे कमी असतील अशा रस्त्याने फिरवा. नवी मुंबईकरांना पाम बीच रोड आहेच: वाशीहून बेलापूरपर्यंत आणि परत. ठाणेकरांनी रविवारी सकाळी लवकर घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन यावं. आठनंतर त्या रस्त्यावर इंजिन तापेल, पण वेगाने नव्हे.

दुसरं, ऑइल किलोमीटरवर मोजू नका. रोज दोन अधिक दोन, महिन्याचे पंचवीस दिवस: महिन्याला 100 किलोमीटर, वर्षाला 1200. पुस्तिकेत काही हजार किलोमीटर लिहिलंय म्हणून तेच ऑइल तीन वर्षं चालवलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतात, आणि निघतं ते ऑइल नसतं, पेट्रोलचा वास येणारं काळं पाणी असतं. अशा वापरात सहा महिन्यांनी ऑइल बदला, त्यातलं एक बदलणं पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. लागतं ते लिटरपेक्षा कमीच. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या, कारण ‘लिटरचा डबा आहे, ओतून टाकू’ करून जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरवर येतं. डब्यावर जासो एमबी हा ऑइलचा दर्जा बघा. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे मोटारसायकलच्या एमए ऑइलची गरज नाही. पातळी बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, तीन-पाच मिनिटं चालवून बंद करून दोन-तीन मिनिटांनी. होंडामध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून बघितलं तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते.

इथून पुढे, ‘गरम केल्याशिवाय गाडी चालतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी. धड असलेल्या स्कूटरने आपल्या हवेत 30 सेकंदांनंतर विनातक्रार निघायला हवं. नाही निघाली तर ती जास्त तापवणं म्हणजे ताप आलेल्याला पंखा घालण्यासारखं आहे.

सेल्फ रेंगाळतो, दिवा मंद होतो: बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टिमीटरने 12.6 व्होल्टच्या आसपास हवं, 12.2 च्या खाली असेल तर चार्जिंग, आणि सेल्फ मारताना दहाच्या बरंच खाली घसरत असेल तर बॅटरी म्हातारी. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरली तर किकही बहुधा कामाला येत नाही, कारण पंपाला आणि ईसीयूला वीज लागते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही: आधी प्लग. गॅप बहुतेक गाड्यांत 0.8 ते 0.9 मिमी. कोरडा काळा म्हणजे जाड मिश्रण, ओला म्हणजे पेट्रोल पोहोचतंय पण ठिणगी कमकुवत, आणि तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. खाडीकाठच्या दमट हवेत प्लगच्या कॅपमध्ये आतून हिरवट गंज धरतो. पावसाळ्यापूर्वी ती उघडून साफ करा, भेगा असतील तर बदला. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला तरी नव्या गाड्या सुरू होत नाहीत, आणि लोक प्लग बदलत बसतात.

सुरू होते, पण मूठ सोडली की बंद, आणि पाच मिनिटांनी ठीक: इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीत काजळी साचून आयडलची हवा अडते, ती साफ करून घ्या. तापमान मोजणारा सेन्सर चुकीचं सांगत असेल तर गार इंजिनाला ईसीयू गरम समजतो आणि पेट्रोल कमी देतो. हे अंदाजाने नाही, स्कॅनर लावून बघायचं काम आहे. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व ढकलणारा भाग. व्हॉल्वची फट फार कमी झाली की व्हॉल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळचं सुरू होणं अवघड होतं. आवाज नाही म्हणून टॅपेट ठीक, हा समज उलटा आहे: घट्ट टॅपेट गप्प असतो. फट मोजायची ती इंजिन 35 अंशांच्या खाली असताना, असं होंडाची पुस्तिका म्हणते. मे महिन्यात दुपारी तीनला पत्र्याच्या शेडखाली नुकतीच आलेली गाडी उघडून टॅपेट लावणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. गाडी आदल्या रात्री ठेवा, सकाळी पहिलं काम ते करून घ्या.

सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत हलकी टिकटिक चालते. गरम झाल्यावरही तशीच राहिली किंवा वाढली तर दाखवा. साखळी खडखडल्यासारखा आवाज सुरू होताच येऊन जात असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर थकतोय.

धूर पांढरा आणि विरळ, मिनिटाभरात गायब: पाण्याची वाफ, नळीतून थेंब पडले तरी चालेल. सुरू होताना एकच निळा भपका आणि मग काही नाही: व्हॉल्वचे सील कडक झालेत, रात्रभर ऑइल झिरपतं, घाई नाही, पण डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा. गरम झाल्यावरही मूठ दिली की निळा धूर: रिंगा आणि सिलिंडर.

गणपतीला कोकणात गेलात, गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहिली. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पहिल्या चार-पाच किका फक्त वाटी भरायला जातात, दोष शोधू नका. महिन्याभराहून जास्त उभी राहिली असेल आणि किक असेल, तर चावी बंद ठेवून पाच-सहा किका मारा, कोरड्या पडलेल्या हेडला ऑइल मिळतं. रोज सकाळी हे करायची गरज नाही. निघण्यापूर्वी टाकी भरून ठेवलेली बरी. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं.

आणि पावसात ठाण्याच्या वंदना टॉकीजपाशी किंवा सोसायटीच्या सखल पार्किंगमध्ये गाडी एक्झॉस्टच्या वर पाण्यात राहिली असेल, तर गरम करून सुकेल या आशेने सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मूठ उघडी धरून किकने पाणी बाहेर काढा, किक नसेल तर टेम्पोत घालून गॅरेजला न्या. एअर फिल्टर बदला. इंजिन ऑइल आणि मागचं गिअर ऑइल, दोन्ही. बेल्टचं कव्हर उघडून वाळवा. पहिलं ऑइल फक्त पंधरा-वीस मिनिटं चालवायचं, गरम असतानाच काढायचं, आणि पुन्हा नवीन भरायचं.